मधलं झाकण

जपानातल्या कानाझावात एक म्हण आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. ही म्हण ज्याला ठाऊक नाही तो गावात नवा आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तो भिजलेला असतो.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी त्सुबामे नावाच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या दारावरचा निळा कापडी पडदा बाजूला सरला आणि असाच एक माणूस आत आला. केसांतून पाणी, चष्म्यावर वाफ, काखेत वह्यांचा गठ्ठा. गठ्ठा मात्र त्याने कोटाखाली धरून कोरडा ठेवला होता. गल्ल्यावर कोनात्सु टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. तो चष्मा पुसत, जरा वाकून म्हणाला, की पाऊस थांबेपर्यंत इथे उभं राहिलं तर चालेल का...

"चालेल की," कोनात्सु म्हणाली. "पण मार्चपर्यंत उभं राहावं लागेल. त्यापेक्षा आत जा आणि शेकून या."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली, हे कोनात्सुने पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवत त्याच्या हातात टॉवेल ठेवला.

तो पुरुषांच्या बाजूला गेला. जरा वेळ घमेल्यांचे आवाज आले, मग एक दबलेली किंकाळी, मग नळ सोडल्याचा आवाज, आणि त्यावर गेन्झो आजोबांचा खणखणीत गळा. "कोण रे तो हौदात गार पाणी सोडणारा? चांगल्या रश्शात पाणी ओततोस होय?" गेन्झो आजोबांनी सगळा जन्म लोकांच्या भिंतींना फरशा बसवण्यात घालवला होता आणि आता ते रोज दुपारपासून हौदात बसत. पंचेचाळीस अंशांच्या खाली पाणी गेलं की त्यांना सर्दी होते असं त्यांचं म्हणणं होतं.

पाहुणा बाहेर आला तो बाजारातल्या उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन. न्हाऊन आल्यावर सगळे घेतात तशी दुधाची गार बाटली त्याने घेतली, कागदी झाकण काढलं, अर्धी बाटली एका दमात संपवली, आणि मग फार गंभीरपणे विचारलं, "इथे माणसांना आंघोळ घालतात, की शिजवून वाढतात?"

कोनात्सु खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, त्यामुळे तिचं तिलाच नवल वाटलं. जाताना तिने त्याला आपली लाल छत्री दिली. नाव विचारलं तेव्हा कळलं, इत्सुकी मिझुतानी, नदीपलीकडच्या शाळेत गणिताचा नवा मास्तर, गाव मियाझाकी. म्हणजे बाराही महिने ऊन. छत्री विसरला त्याचं कारण कळलं.

त्यानंतर मास्तर रोज येऊ लागला. छत्री परत द्यायला यायचा, पण नेमका उघडीप असताना, आणि निघायच्या वेळी पाऊस लागायचा, की छत्री पुन्हा त्याच्याकडेच. गल्लीत मासे विकणाऱ्या फुसे आजींनी हे दोन-तीनदा पाहिलं आणि कोनात्सुला म्हणाल्या, की छत्रीला बिचारीला आपलं घर कुठलं तेच कळेनासं झालं असेल.

फुसे आजींची जीभ सुरीपेक्षा धारदार. थंडीत पहिला ढग गडगडला की समुद्रातले बुरी मासे जागे होतात, असं इकडे मानतात, आणि मग वर्षअखेरीला ज्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं किंवा झालं असेल, ते तिच्या सासरी एक अख्खा बुरी पाठवतात. दर वर्षी गडगडाट झाला, की आजी न्हाणीघराच्या मागच्या दाराशी जाऊन कोनात्सुच्या वडिलांना विचारत, "काय तोकुजी, यंदा तरी एक मोठा काढून ठेवू का?" तोकुजी भट्टीत लाकूड सारत आणि "हूं" म्हणत. त्या "हूं"चा अर्थ कोणालाही लागत नसे. कोनात्सु मात्र त्या वेळी दुसऱ्या खोलीत काहीतरी काम काढून बसायची.

पण यंदा तोकुजी निराळंच बोलले होते. पोरंबाळं असलेल्या बायका हमरस्त्यावरच्या नव्या मोठ्या स्नानगृहात जाऊ लागल्या होत्या. त्सुबामेत उरले होते ते गेन्झो आजोबा आणि त्यांची कढत पाण्यातली मंडळी. तेवढ्यांवर भट्टी कशी पेटती राहणार? "हे वर्ष संपलं, की भट्टी विझवायची," तोकुजी एका सकाळी म्हणाले. "तू ओसाकाला ताईकडे जा. तिच्या चष्म्याच्या दुकानात माणूस हवंच आहे." कोनात्सुने हातातला टॉवेल पुन्हा घडीला घेतला. आईच्या मागे हा गल्ला तिनेच सांभाळला होता. या वाफेच्या, साबणाच्या, ओल्या लाकडाच्या वासाशिवाय आपण दुसरीकडे श्वास तरी कसा घेणार, असं तिला वाटलं. आणि ओसाकाला पाऊस फारसा पडत नाही, तिथे छत्री मागायला कोण येणार... हेही वाटलं, पण ते तिने स्वतःला पुरतं वाटू दिलं नाही.

एका दुपारी तिने हे मास्तरच्या कानावर घातलं. तो दूध पिता पिता थांबला. त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आया काय म्हणतात ते त्याला माहीत होतं. त्सुबामेचं पाणी फार कढत, पोरं रडतात.

"पाणी किती गरम हवं, हे लोकांना कुणी विचारलंय का?" त्याने विचारलं.

कुणी विचारलं नव्हतं. पाणी तोकुजींचे वडील ठेवत तेवढंच तोकुजी ठेवत. मग मास्तरने एक युक्ती काढली. दुधाच्या बाटलीचं कागदी झाकण असतं ना, त्याच्या मागे ज्याने त्याने आपल्या आवडीचा आकडा लिहायचा आणि गल्ल्याशेजारच्या लाकडी बादलीत टाकायचा. त्याने वर्गातल्या मुलांमार्फत आयांकडूनही झाकणं मागवली. लोकांना गंमत वाटली. बादली भरत गेली. कोनात्सुनेही एक झाकण लिहून टाकलं, कुणी बघत नाही असं पाहून.

सुट्टीच्या गुरुवारी दोघं गल्ल्याच्या दोन बाजूंना झाकणं ओतून बसले. बाहेर पाऊस कौलांवर हलकेच बोटं वाजवत होता. आत इतकी शांतता, की एकमेकांच्या कपड्यांची सळसळ ऐकू यावी. मास्तरने बेरीज केली, भागलं आणि भुवया उंचावल्या. सरासरी आली होती ती तर गेन्झो आजोबांनाही सोसली नसती. शोध घेतला, तर एका झाकणावर नव्वद लिहिलेलं, एकावर पंच्याऐंशी, आणि तसल्याच ठसठशीत अक्षरात आणखी पुष्कळ.

"आजोबा," कोनात्सुने कपाळावर हात मारला. "आणि त्यांची सगळी टोळी."

"हुशार आहेत," मास्तर कौतुकाने म्हणाला. "सरासरीचं हेच दुखणं. एकाने टोकाला बसून दोर ओढला, की सगळे फरफटत त्याच्या मागे. पण आपण आजोबांना चकवू."

त्याने सगळी झाकणं लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत गल्ल्यावर ओळीने मांडली. ओळ गल्ला ओलांडून बाकावर गेली, बाकावरून खिडकीच्या कट्ट्यावर. मग तो एका टोकाकडून आणि कोनात्सु दुसऱ्या टोकाकडून, एक एक झाकण उलटं करत मधोमध येऊ लागले. याला मध्यक म्हणतात, तो सांगत होता. आजोबांना नव्वद लिहू दे नाहीतर नऊशे, ते बसणार शेवटच्याच रांगेत, मधल्याला त्याचा धक्का नाही. कोनात्सु ऐकत होती, पण मधोमध येता येता दोघांची बोटं एकाच झाकणावर पडली आणि मग काही क्षण तिला काहीच ऐकू आलं नाही.

झाकणावर त्रेचाळीस होते.

"मला एकच आकडा सांगा, मास्तर," ती गल्ल्यावर पुढे झुकून म्हणाली. "बाबांना एकच आकडा पटतो. हाच का?"

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हाच."

कोनात्सुने आनंदाने टाळी वाजवली. त्याची खळी दिसली. पाऊस थांबला आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पाणी त्रेचाळीस अंशांवर आलं आणि न्हाणीघराची पुरती वाट लागली. गेन्झो आजोबा हौदातून बाहेर येऊन म्हणाले, हे काय कालचं उरलेलं सूप आहे? त्यांची मंडळी रुसून घरी बसली. आया पोरांना घेऊन मोठ्या आशेने आल्या. पोरांनी पाय बुडवला आणि भोकाड पसरलं. आया पुन्हा हमरस्त्याकडे वळल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. ऐन गर्दीच्या वेळी हौदात एकटी वाफ तरंगत होती.

तोकुजी रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की वर्ष संपायची वाट कशाला बघायची, या महिन्यातच विझवू. त्यांनी ताईला फोनही केला.

त्या संध्याकाळी मास्तर आला तेव्हा कोनात्सु गल्ल्यावरून उठलीच नाही. "आजोबांना चकवलंत," ती म्हणाली, "पण चकले आम्ही. माझं घर तुम्हाला फळ्यावरचं गणित वाटलं का? मी सोमवारी ओसाकाचं तिकीट काढते आहे."

 मास्तर खूप खाली वाकला. झाकणांची बादली न्यायची परवानगी मागितली, ती तिने मान न वळवता दिली. तो गेल्यावर तिने पाहिलं, तर लाल छत्री दाराजवळच्या कुंड्यात नीट घडी करून ठेवलेली आणि बाहेर धो धो पाऊस. तिला हाक मारावीशी वाटली. राग आडवा आला. मग रागाचाच राग आला, आणि ती वाफेच्या खोलीत जाऊन रडली, कारण तिथे ओले डोळे कुणाला दिसत नाहीत.

दोन दिवस मास्तर फिरकला नाही. कोनात्सु पडदा हलला की मान वर करायची. फुसे आजी आल्या, कोळंबीची पुडी ठेवली, आणि त्यांनी या वेळी काहीच टोमणा मारला नाही, यावरून कोनात्सुने ओळखलं की आपलं तोंड कसं दिसत असेल.

रविवारी सकाळी दार उघडायच्या आधीच काचेवर टकटक झाली. मास्तर. भिजलेला, शिंकणारा, आणि कोटाखाली कोरडी ठेवलेली बादली.

"आत येऊ का?" तो म्हणाला. "मग हवं तर बाहेर काढा."

तो गल्ल्याशी आला आणि बोलता बोलता झाकणं रचू लागला. या वेळी ओळीत नाही, एकावर एक. चाळीसवाली इथे, एक्केचाळीसवाली त्यांच्या शेजारी, असं करत पुढे. नव्वद-पंच्याऐंशीवाल्या टोळीला त्याने पंचेचाळीसवर ठेवलं, कारण आजोबांना भेटून त्याने त्यांचा खरा आकडा वदवून घेतला होता. झाकणांच्या चळती वाढत गेल्या आणि कोनात्सु रुसवा विसरून पाहू लागली. एक्केचाळीसपाशी एक टेकडी उभी राहिली. पंचेचाळीसपाशी दुसरी, जवळजवळ तेवढीच. दोन्हींच्या मध्ये सपाट गल्ला, आणि त्यावर एकच झाकण.

"हे बहुलक," तो म्हणाला. "सगळ्यांत जास्त लोक जिथे उभे असतात ती जागा. तुमच्याकडे अशा दोन जागा आहेत, कोनात्सुसान. आणि मी दोन्ही डोंगरांवरच्या माणसांना उचलून मधल्या दरीत नेऊन बसवलं. तिथे कुणीच राहत नाही."

"हे तेव्हा नाही दिसलं?"

"दिसायला हवं होतं. मुलांना पहिल्याच तासाला शिकवतो मी, आकडा काढायच्या आधी चळत रचून बघा म्हणून." त्याचे कान लाल झाले. "पण तुम्ही झुकून म्हणालात, एकच आकडा सांगा. तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की... मला तुम्हाला नाही म्हणवेना. माझं गणित चुकलं नाही. मी चुकलो. तुम्ही समोर असलात की असंच होतं."

 कोनात्सुने दरीतलं ते एकटं झाकण उचललं. त्रेचाळीस.

"हे वेडं कुणाचं कोण जाणे," मास्तर म्हणाला. "सगळ्या गावात एकच माणूस."

"माझं," कोनात्सु हळूच म्हणाली.

तो थक्क होऊन पाहत राहिला. तिने मान खाली घातली. आजोबांना वाईट वाटू नये, आयांनाही वाटू नये, म्हणून मधला लिहिला. गल्ल्यावर बसणाऱ्याने कुठल्याही बाजूचं असू नये, असं आई म्हणायची. मग लिहायची सवयच लागली मधलं, बोलायचीही.

"म्हणजे तुम्हालाही त्रेचाळीस आवडत नाही?"

"मुळीच नाही. मिळमिळीत लागतं."

"मग तुमचं खरं पाणी कुठलं?"

आजवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पाणी तिच्या घरचं, आणि तिलाच कुणी विचारलं नव्हतं. तिला एकदम हसू आलं आणि रडूही. "ते मी नंतर सांगीन," ती म्हणाली. "आधी या दोन डोंगरांचं काय करायचं ते सांगा."

त्यावर मागून आवाज आला तो तोकुजींचा. भट्टीच्या दारात राखेचे हात घेऊन ते किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी पुढे येऊन दोन्ही चळतींकडे पाहिलं, जसं ते रोज जाळाकडे पाहतात तसं. कढत पाणी हौदात एकाच टोकाकडून येतं, ते म्हणाले. मध्ये भिंत घातली आणि तळाशी एक भोक ठेवलं, तर पलीकडे पोचेस्तोवर पाणी निवेल. मग कोनात्सुकडे वळून त्यांनी सांगितलं, "गेन्झोला बोलाव."

गेन्झो आजोबा आले ते आपली जुनी थापी घेऊनच. पोरांसाठी भिंत बांधायला मी रिकामा नाही, असं त्यांनी आधी तासभर ऐकवलं, आणि मग दोन्ही बाजूंच्या हौदांत अशी देखणी भिंत घातली, की बघत राहावं. भिंतीच्या पोरांकडच्या बाजूला त्यांनी कुणी न सांगता लाल मासोळ्यांच्या फरशा बसवल्या. मास्तर शाळा सुटली की बाह्या सारून सिमेंट कालवायला यायचा. आजोबा त्याला सबंध वेळ शिव्या घालत. म्हणजे तो त्यांना आवडला होता.

डिसेंबरात न्हाणीघर पुन्हा उघडलं आणि दारातल्या चपलांना जागा पुरेना. एकीकडे आजोबांची मंडळी डोळे मिटून उकळत होती, भिंतीपलीकडे पोरं मासोळ्या मोजत होती, आणि बायकांच्या बाजूने हसण्याचे लोट येत होते. गल्ल्यावर कोनात्सुला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी मास्तर आत आला ते तिला पडद्याच्या हलण्यावरूनच कळलं. हातात छत्री होती. नवी, मोठी, काळी.

"अरे वा, शिकलात," ती म्हणाली.

"दोघांना पुरेल अशी घेतली," तो म्हणाला आणि लगेच दुसरीकडे बघू लागला.

तेवढ्यात बाहेर आभाळ असं गडगडलं, की दुधाच्या बाटल्या किणकिणल्या. न्हायला आलेल्या माणसांनी माना वर केल्या. हा थंडीतला पहिलाच गडगडाट. भट्टीचं दार उघडून तोकुजी बाहेर आले. सगळ्या माणसांदेखत ते मास्तरसमोर उभे राहिले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या आईला बुरी मासा आवडतो का?"

फुसे आजींच्या हातातली बाटली ओठांपाशीच राहिली. कोनात्सुला जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि दुभंगू नये असंही. मियाझाकीच्या मास्तरला मात्र कशाचा काही पत्ता नव्हता. तो सरळपणे म्हणाला, की आवडतो खूप, पण ती एकटीच असते, अख्खा मासा तिला संपायचा नाही, दोन तुकडे पुरे.

न्हाणीघर हसण्याने दणाणलं. "अहो येड्या मास्तर," फुसे आजी डोळे पुसत म्हणाल्या, "तुकडे नाही पाठवत. अख्खा पाठवतात. मुलीकडचे पाठवतात, मुलाच्या घरी. आता कळलं का?"

मास्तरला कळायला जरा वेळ लागला. मग तो लाल होऊ लागला, मानेपासून वर, पंचेचाळीस अंशांतही झाला नव्हता इतका. त्याने तोकुजींना कमरेत वाकून नमस्कार केला. मग कोनात्सुकडे वळला. आणि या वेळी घाईने कुठलंच उत्तर न देता त्याने तिलाच विचारलं, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमचं खरं पाणी कुठलं, ते अजून सांगितलं नाहीत."

"पंचेचाळीस," कोनात्सु म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक बाजू घेतली होती. आतून गेन्झो आजोबांनी "शाब्बास पोरी" म्हणून हौदात थाप मारली.

"माझं चाळीस," मास्तर कसाबसा म्हणाला. "म्हणजे आपण दोन टोकांना. आणि घरी तर हौद एकच, त्याच पाण्यात सगळे पाळीपाळीने बसतात..."

"असू दे ना," कोनात्सु म्हणाली. तिने गल्ल्यावरून हात पुढे करून त्याच्या ओल्या बाहीवरचा पावसाचा थेंब पुसला. "आधी मी न्हाईन. माझं होईपर्यंत पाणी तुमच्यापुरतं निवलेलं असेल."